लिनक्सवर विंडोची सावली: कंपोझिटर असताना, नसताना, आणि ती नेमकी पाडतं कोण

दोन पांढऱ्या विंडो एकमेकींवर आल्या की कुठली कुठे संपते तेच कळत नाही, हा त्रास ज्यांनी जुन्या मशीनवर हलका डेस्कटॉप लावलाय त्यांना चांगलाच माहितीय. माझ्याकडे २ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप आहे, ओपनबॉक्स हा हलका विंडो मॅनेजर टाकलेला, कंपोझिटर (सगळ्या विंडो एकावर एक रचून शेवटचं चित्र बनवणारा प्रोग्राम) बंद, आणि त्यावर टर्मिनल पांढरं, फाइल मॅनेजर पांढरा, मेनूही पांढरा, त्यामुळे कितीतरी वेळा मी मागच्याच विंडोत टाइप करत बसलोय. तेव्हापासून शॅडोला मी शोभेची वस्तू मानत नाही. कुठली विंडो वर आहे हे डोळ्याला न विचारता कळावं यासाठी ती असते, आणि म्हणूनच ती नीट बसवायला अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असं मला वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली सेटिंग्जची नावं मी देवनागरीत लिहिलीयेत, कॉन्फिग फाइलमध्ये मात्र ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच (1, 2, 3) लिहायची, आणि जिथे हायफन किंवा अंडरस्कोअर आहे तिथे तो तसाच ठेवायचा.

सावलीला मागचं चित्र लागतं

सगळा घोळ एका प्रश्नाभोवती आहे: माझ्या विंडोच्या मागे काय आहे हे कुणाला माहितीय? सावली म्हणजे मागच्या पिक्सेलचा रंग थोडा काळवंडणं. मागे २०० ब्राइटनेसचा करडा असेल आणि तिथे सावलीची ओपॅसिटी ०.७५ असेल तर उरतं २०० गुणिले ०.२५ म्हणजे ५०, आणि कडेला जिथे सावली विरत जाऊन ओपॅसिटी ०.२ होते तिथे १६०. हिशोब साधाच आहे, पण तो करायला ते २०० हातात असावं लागतं.

एक्स११, म्हणजे लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारा जुना डिस्प्ले सर्व्हर, जो १९८७ पासून चालत आलाय, त्यात मुळात हे २०० कुणाकडेच नसतं. कंपोझिटिंग नसताना सगळ्या विंडो एकाच पडद्यावर थेट रंगवल्या जातात, वरच्या विंडोने झाकलेला खालचा भाग सहसा साठवून ठेवला जात नाही, आणि वरची विंडो हलली की सर्व्हर खालच्या ऍपला एक्स्पोज इव्हेंट पाठवून सांगतो की बाबा तुझा एवढा तुकडा उघडा पडलाय, पुन्हा रंगव. प्रत्येक पिक्सेल एकाच विंडोच्या मालकीचा. अर्धा माझा अर्धा तुझा असा पिक्सेल या पद्धतीत बसतच नाही, आणि सावली तर नेमकी अशाच पिक्सेलची बनलेली असते.

इथे बरेच जण दोन एक्स्टेन्शनची गल्लत करतात. रेंडर एक्स्टेन्शन २००० च्या आसपास आलं, कीथ पॅकार्ड यांचं काम, त्याने एक्सला अल्फा ब्लेंडिंग शिकवलं. म्हणजे दोन चित्रं पारदर्शकपणे मिसळायची सोय कंपोझिटर नसतानाही आहे! कमी होती ती मागच्या चित्राची. ती भरून काढली कंपोझिट एक्स्टेन्शनने, जे डॅमेज आणि एक्सफिक्सेसच्या जोडीने सप्टेंबर २००४ च्या एक्स११ आर६.८ रिलीजमध्ये आलं. कंपोझिटने प्रत्येक विंडोला पडद्याबाहेर स्वतःचा कागद दिला, डॅमेज सांगतो कुठल्या कागदावर कुठे बदल झाला, आणि कंपोझिटर नावाचा एक प्रोग्राम ते सगळे कागद एकावर एक रचून शेवटचं चित्र बनवतो. त्याच्याकडे मागचं सगळं असतं, मग सावली पाडणं त्याच्यासाठी सोपं.

जाता जाता, मोटिफ या जुन्या टूलकिटच्या (बटणं, मेनू देणाऱ्या लायब्ररीच्या) कोडमध्ये टॉप शॅडो कलर, शॅडो थिकनेस अशी नावं दिसली तर फसू नका, तिथे शॅडो म्हणजे बटणाची उठावदार कड. विंडोच्या सावलीशी त्याचा संबंध नाही.

पायरी १: कंपोझिटर चालू आहे का ते बघा

पहिल्यांदा एक्सडीजी सेशन टाइप हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टर्मिनलमध्ये इको करा. वेलँड (एक्स११ च्या जागी आलेली नवी पद्धत) आलं तर कंपोझिटर आहेच, कारण वेलँडमध्ये कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर असतो, कंपोझिटिंगशिवायचा मोड तिथे नाहीच, तुम्ही थेट खाली वेलँडच्या भागावर गेलात तरी चालेल. एक्स११ आलं तर मात्र तपासायला लागतं.

इथला नेहमीचा चकवा म्हणजे एक्सडीपीवायइन्फो चालवायचं, यादीत कंपोझिट दिसलं की म्हणायचं चालू आहे. त्याचा अर्थ इतकाच की सर्व्हरला ते एक्स्टेन्शन येतं, ते वापरणारा प्रोग्राम चालू आहे की नाही हे त्यातून कळत नाही. खरी खूण आहे नेट डब्ल्यूएम सीएम एस० या नावाचं सिलेक्शन. चालू असलेला कंपोझिटर या सिलेक्शनची मालकी घेऊन बसतो, शेवटचं शून्य म्हणजे स्क्रीन नंबर. हे सिलेक्शन आहे, प्रॉपर्टी नाही, म्हणून रूट विंडोवर, म्हणजे सगळ्यांच्या मागच्या पडद्याएवढ्या विंडोवर, एक्सप्रॉप ही प्रॉपर्टी दाखवणारी कमांड मारून ते दिसणार नाही, त्यात माझा एक अख्खा तास गेला होता. सी मध्ये एक्सगेटसिलेक्शनओनर बोलवायचं, शून्य परत आलं की मालक कुणी नाही म्हणजे कंपोझिटर नाही. पायथनमध्ये जीटीके ३ हे टूलकिट असेल तर जीडीके स्क्रीनचं इज कंपोझिटेड हे फंक्शन हो किंवा नाही असं सरळ सांगतं. तुम्ही स्वतः सावली पाडणारं काही लिहिणार असाल तर हे फक्त सुरुवातीला एकदा तपासून सोडू नका, माणूस मध्येच कंपोझिटर बंद करतो, मग तुमची पारदर्शक कड काळी होऊन बसते.

पायरी २: सावली कोण पाडतंय ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळून थेट कॉन्फिग फाइलमध्ये आकडे बदलत बसतात. सावली तीन जण पाडू शकतात. एक, कंपोझिटर स्वतः. दोन, ऍप स्वतः, म्हणजे जीटीके ३ च्या हेडरबारवाल्या विंडो, त्या स्वतःची चौकट स्वतः रंगवतात आणि सावलीही स्वतःच्याच कागदावर काढतात. तीन, ऍप किंवा थीम सावलीची चित्रं देते आणि विंडो मॅनेजर ती लावतो, ही केडीई डेस्कटॉपची पद्धत.

टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप चालवा आणि ज्या विंडोबद्दल शंका आहे तिच्यावर क्लिक करा. यादीत जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स ही प्रॉपर्टी चार आकड्यांसकट दिसली तर ती विंडो स्वतःची सावली आणतेय, ते आकडे डावी, उजवी, वर, खाली या क्रमाने सावलीसाठी सोडलेली जागा सांगतात. म्हणजे पडद्यावर ८०० रुंद दिसणारी विंडो खरंतर ८५० रुंद असू शकते, बाकीचं सगळं पारदर्शक. नेट फ्रेम एक्स्टेंट्स हे वेगळं, ते विंडो मॅनेजरने लावलेल्या टायटलबारचं माप, नावं सारखी असल्याने घोटाळा होतो. आणि केडीई नेट डब्ल्यूएम शॅडो दिसलं तर तिसरा प्रकार, त्यात बारा आकडे असतात, पहिले आठ म्हणजे आठ चित्रं, चार कडा आणि चार कोपरे, शेवटचे चार म्हणजे सावली किती बाहेर जाते त्याची मापं.

मग एक्सविनइन्फो चालवून त्याच विंडोची डेप्थ बघा. ३२ असेल तर त्या विंडोला अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा, चॅनेल आहे, २४ असेल तर नाही, आणि २४ डेप्थची विंडो स्वतःच्या आत मऊ सावली काढूच शकत नाही, तिची सावली बाहेरच्या कुणीतरीच पाडलेली असते. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पायरी ३: कंपोझिटर नसताना काय काय करता येतं

पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक उपाय म्हणजे सावली नकोच, कड नीट करा. ओपनबॉक्सच्या थीम फाइलमध्ये बॉर्डर डॉट विड्थ १ किंवा २ ठेवा, विंडो डॉट ऍक्टिव्ह डॉट बॉर्डर डॉट कलर गडद आणि इनऍक्टिव्हचा फिकट, मग ओपनबॉक्सला रीकॉन्फिगर करायला सांगा. माझ्या त्या जुन्या लॅपटॉपवर आज हेच आहे, दोन पिक्सेलची गडद निळी कड, आणि चुकीच्या विंडोत टाइप होणं बंद झालंय. साध्या मोठ्या विंडोसाठी मी हेच सुचवीन.

दुसरा उपाय कडक सावलीचा. विंडोच्या उजव्या आणि खालच्या बाजूला ४ ते ६ पिक्सेल जाडीच्या दोन अपारदर्शक काळ्या विंडो उभ्या करायच्या, ओव्हरराइड रीडायरेक्ट लावून, म्हणजे विंडो मॅनेजर त्यांना टायटलबार लावायला जात नाही. जुन्या काळच्या छापील फॉर्मवर चौकटीमागे असते तशी ठसठशीत सावली दिसते. मेनूला ती छान शोभते.

तिसरा, बुद्धिबळाच्या पटासारखा. शेप एक्स्टेन्शन विंडोला भोकं पाडू देतं, म्हणून एक सोडून एक पिक्सेल भोक ठेवलं की मागचं अर्धं दिसतं आणि लांबून बघताना करडी सावली भासते. ऐकायला मस्त, पण ८०० बाय ६०० च्या विंडोला ८ पिक्सेलची एल आकाराची पट्टी लावली तर ८ गुणिले ६०० अधिक ८ गुणिले ८०० म्हणजे ११,२०० पिक्सेल, त्यातले निम्मे भरलेले, म्हणजे सर्व्हरच्या रीजनमध्ये ५,६०० सुटे चौकोन. विंडो हलवली की एवढ्या तुकड्यांचं क्लिपिंग करत सर्व्हर हाफतो. मागची भोकातून दिसणारी ऍपही सारखी पुन्हा रंगवावी लागते. मी हा प्रकार करून बघितलाय, छोट्या टूलटिपपलीकडे वापरू नका.

चौथा उपाय खरा मजेशीर, आणि त्यातून एक्सचं आतलं काम शिकायला मिळतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. मागचं चित्र कुणी देत नाही ना, मग आपणच फोटो काढायचा. केडीई ३ चे मेनू सावली अशीच दाखवायचे. क्रम असा.

मेनू पडद्यावर यायच्या आधी, सावली जिथे पडणार त्या पट्ट्यांचा रूट विंडोवरून एक्सकॉपीएरिया करून पिक्समॅपमध्ये (सर्व्हरच्या मेमरीतल्या चित्रात) फोटो घ्या. ग्राफिक्स कॉन्टेक्स्टमध्ये सबविंडो मोड हा इन्क्लूड इन्फिरियर्स ठेवायला विसरू नका, नाहीतर रूटवरच्या विंडोंच्या जागा वगळल्या जातात आणि तुम्हाला जो फोटो हवाय तोच येत नाही. फोटो मेनू मॅप करण्याआधीच, म्हणजे पडद्यावर आणण्याआधीच, घ्यायचा हेही महत्त्वाचं, उलट केलं तर मेनूचाच तुकडा सावलीत येतो.

मग आठ बिटांचा, फक्त अल्फा असलेला, एक मास्क बनवा, त्यात सावलीचा आकार ब्लर करून ठेवा, हा एकदाच बनवून पुन्हा पुन्हा वापरता येतो. आता रेंडर एक्स्टेन्शनच्या कंपोझिट ऑपरेशनने काळा रंग या मास्कमधून त्या फोटोवर ओव्हर पद्धतीने सांडा. पिक्समॅपमध्ये आता काळवंडलेली पार्श्वभूमी तयार आहे.

मग दोन ओव्हरराइड रीडायरेक्ट विंडो बनवा, एक उजवी एक खालची, आणि हा पिक्समॅप त्यांचा बॅकग्राउंड पिक्समॅप म्हणून लावा. असं केल्याने एक्स्पोज झालं तरी सर्व्हर स्वतःच ते रंगवतो, तुमच्या प्रोग्रामला उठावं लागत नाही. सेव्ह अंडर ऍट्रिब्यूटही चालू ठेवा, ती सर्व्हरला केलेली विनंती असते, मानलीच पाहिजे असं नाही, पण मानली तर मेनू मिटल्यावर खालच्या ऍपला पुन्हा रंगवायला लागत नाही. एक्सफिक्सेसने या विंडोंची इनपुट शेप रिकामी करा म्हणजे सावलीवर केलेला क्लिक मागच्या विंडोला जाईल. शेवटी रीस्टॅक करून सावली मेनूच्या खाली बसवा, दोन्ही मॅप करा, आणि मेनू मिटताना दोन्ही अनमॅप.

याची मर्यादा उघड आहे, फोटो शिळा होतो. मागे व्हिडिओ चालू असेल तर सावलीच्या पट्टीत थिजलेला फ्रेम दिसत राहतो. मेनू दोन-तीन सेकंद उघडा असतो म्हणून खपून जातं, पण तासभर उघड्या राहणाऱ्या विंडोला हे लावलं तर मागची चॅट विंडो सरकतेय आणि कडेला जुनीच अक्षरं अडकलीयेत असं भूत दिसतं. शिवाय विंडो ओढताना प्रत्येक हालचालीला सावली लपवा, मागचं ऍप रंगवेपर्यंत थांबा, नवा फोटो घ्या, हे जमतच नाही. करायचंच असेल तर ओढताना सावली काढून टाका आणि बटण सोडल्यावर परत आणा.

जीटीके ३ च्या ऍप्सना कंपोझिटर नाही हे स्वतःला कळतं. अशा वेळी ते विंडोला सीएसडी (ऍपने स्वतः काढलेली चौकट) ऐवजी सॉलिड-सीएसडी हा स्टाइल क्लास लावतात आणि मऊ सावलीच्या जागी साधी घट्ट कड काढतात. ती कड तुमच्या थीममध्ये जाडजूड दिसत असेल तर होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिग, त्यात जीटीके-३.०, त्यातल्या जीटीके डॉट सीएसएस फाइलमध्ये सॉलिड-सीएसडी क्लासला नेम धरून पॅडिंग आणि बॉर्डर बदला. पण फार बारीक करू नका, तीच कड धरून विंडो लहानमोठी करायची असते.

पायरी ४: पिकॉम लावून नीट सावली

आता कंपोझिटरवाली बाजू. एक्स११ वर स्वतंत्र कंपोझिटर म्हणजे आज पिकॉम. त्याची वंशावळ सरळ आहे, कीथ पॅकार्ड यांचा नमुना प्रोग्राम एक्सकॉम्पएमजीआर, त्यातून कॉम्प्टन, आणि २०१९ मध्ये कॉम्प्टनचं नाव पिकॉम झालं. रेडियस १२, ओपॅसिटी ०.७५, ऑफसेट उणे १५ हे डिफॉल्ट आकडे थेट त्या पहिल्या प्रोग्रामपासून चालत आलेत.

डेस्कटॉपचा स्वतःचा कंपोझिटर असेल, जसा एक्सएफसीईचा, तर आधी तो बंद करा. ते सिलेक्शन एका वेळी एकालाच मिळतं, दुसरा कुणी आधीच बसला असेल तर पिकॉम तक्रार करून बाहेर पडतो.

कॉन्फिग फाइल डॉट कॉन्फिगमधल्या पिकॉम फोल्डरमध्ये पिकॉम डॉट कॉन्फ नावाने ठेवा. बॅकएंड जीएलएक्स ठेवा, ग्राफिक्स ड्रायव्हर फार जुना असेल तर एक्सरेंडर. मग शॅडो = ट्रू. आता आकडे, आणि इथे ऑफसेट नीट समजून घ्या कारण बहुतेक जण इतरांच्या फाइलमधून उचलून चिकटवतात आणि सावली तिरकी का दिसते म्हणून हैराण होतात.

पिकॉम सावलीचं चित्र विंडोपेक्षा चारही बाजूंनी रेडियसइतकं मोठं बनवतो. ऑफसेट म्हणजे विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून त्या चित्राचा वरचा डावा कोपरा किती लांब. म्हणून ऑफसेट बरोबर उणे रेडियस ठेवला की सावली सगळीकडून सारखी. शॅडो-रेडियस १८ असेल तर शॅडो-ऑफसेट-एक्स उणे १८ म्हणजे डावी-उजवी समान, आणि शॅडो-ऑफसेट-वाय उणे १२ ठेवला तर सावली ६ पिक्सेल खाली सरकते, वरून उजेड पडल्यासारखी. मला हाच आकडा आवडतो, ओपॅसिटी ०.५ च्या आसपास. डिफॉल्टचा उणे १५ हा रेडियस १२ सोबत पिकॉममध्ये सावलीला उलट ३ पिक्सेल वर आणि डावीकडे ढकलतो, डोळ्याला तो प्रकार विचित्र लागतो, पण कारण कळत नाही.

मग येते वगळायची यादी, शॅडो-एक्सक्लूड, आणि पायरी २ चं फळ इथे मिळतं. सगळ्यात पहिली ओळ जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स आणि त्यापुढे ऍट चिन्ह अशी हवी. नसली तर जीटीके ऍपच्या आधीच असलेल्या सावलीबाहेर पिकॉम अजून एक सावली पाडतो, आणि ती विंडोच्या दिसणाऱ्या कडेपासून लांब, रिकाम्या हवेत तरंगणाऱ्या चौकटीसारखी दिसते. जुन्या आवृत्त्यांच्या फाइलमध्ये याच ओळीच्या शेवटी कोलन आणि सी असायचं. त्यानंतर विंडो टाइप डॉक, म्हणजे पॅनेलला सावली नको. कॉन्की (डेस्कटॉपवर सिस्टिमची माहिती दाखवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा क्लास. आयथ्री हा विंडो शेजारी शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी अशा टाइल झालेल्या विंडोंना सावली देऊ नये, शेजारच्या विंडोवर काळा पट्टा पडतो, त्यासाठी आयथ्री फ्लोटिंग विंडो ही प्रॉपर्टी नसलेल्या सगळ्या विंडो वगळणारी ओळ टाका, पुढे उद्गारचिन्ह लावून. आवृत्ती १२ पासून रूल्स नावाचा नवा विभाग आलाय, तो वापरायला घेतलात तर जुन्या एक्सक्लूड याद्या बघितल्या जात नाहीत, सगळं तिकडेच हलवा, अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवू नका.

अर्धपारदर्शक टर्मिनलमधून सावली दिसते का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. साधारणपणे कंपोझिटर सावली रंगवताना विंडोचा स्वतःचा आकार त्यातून कापून टाकतो, म्हणून काचेसारख्या टर्मिनलच्या पोटात काळं दिसत नाही. कुणाला मुद्दाम आतही सावली हवी असेल तर विंडोटाइप्स विभागात फुल-शॅडो आहे.

ब्लर आणि खर्च

स्वतः कंपोझिटर लिहिणाऱ्यांसाठी थोडं, बाकीच्यांनी पुढे जा. मऊ सावली म्हणजे काळ्या चौकोनाचा गॉसियन ब्लर. ३७ बाय ३७ चा कर्नल (इथे ब्लरच्या गुणकांचा तक्ता) सरळ फिरवला तर प्रत्येक पिक्सेलला १,३६९ गुणाकार, पण गॉसियन आडवा आणि उभा वेगळा करता येतो, मग ३७ अधिक ३७, फक्त ७४. अजून स्वस्त हवं असेल तर साधा बॉक्स ब्लर लागोपाठ तीनदा करा, निकाल गॉसियनच्या इतका जवळ जातो की डोळ्याला फरक कळत नाही, ग्नोम डेस्कटॉपचा कंपोझिटर मटर हेच करतो. आणि मोठी युक्ती ही की चौकोनी विंडोची सावली कोपरे सोडले तर सगळीकडे सारखीच असते, म्हणून चार कोपरे आणि चार कडांचे तुकडे एकदाच बनवायचे आणि कडा हव्या तितक्या ताणायच्या. विंडो लहानमोठी करताना ब्लर पुन्हा मोजावा लागत नाही. केडीईची ती आठ चित्रं याचसाठी आहेत.

पडद्यावर किती बोजा वाढतो? ८०० बाय ६०० च्या विंडोला १८ पिक्सेलची सावली म्हणजे ८३६ बाय ६३६, म्हणजे ५१,६९६ पिक्सेल जास्त, साधारण ११ टक्के. आजच्या ग्राफिक्स कार्डला हे काहीच नाही. जुन्या मशीनला खरा भार सावलीचा नसून कंपोझिटिंगचाच असतो, प्रत्येक विंडोचा वेगळा कागद मेमरीत ठेवावा लागतो, म्हणून वेग वाढावा या आशेने फक्त शॅडो बंद करून फारसं काही हाती लागत नाही.

पायरी ५: तयार डेस्कटॉपवर

एक्सएफसीईच्या एक्सएफडब्ल्यूएम४ मध्ये २००५ च्या ४.२ आवृत्तीपासून स्वतःचा कंपोझिटर आहे. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर टॅबवर नेहमीच्या विंडो, पॉपअप आणि डॉक यांच्या सावल्या वेगवेगळ्या चालू-बंद होतात. आकार बदलायचा पर्याय तिथे दिसत नाही म्हणून लोक निराश होतात, पण सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ चॅनेल उघडा, शॅडो डेल्टा एक्स, वाय, विड्थ, हाइट आणि शॅडो ओपॅसिटी सगळं तिथे आहे. केडीई प्लाझ्मात विंडो डेकोरेशन्समध्ये ब्रीझ थीमच्या पेन्सिलवर क्लिक केलं की शॅडोचा टॅब, आकार आणि गडदपणा तिथेच.

जीटीके ऍपची सावली बदलायची तर कंपोझिटरला हात लावून उपयोग नाही, ती ऍपच्या सीएसएसमध्ये असते. जीटीके ३ मध्ये डेकोरेशन नावाच्या नोडचा बॉक्स-शॅडो, जीटीके ४ मध्ये तो नोड गेला, तिथे विंडो डॉट सीएसडी चा बॉक्स-शॅडो, आणि फाइल जीटीके-४.० फोल्डरमधली. मागे गेलेल्या विंडोची सावली फिकी करायची असेल तर बॅकड्रॉप स्टेट वापरा, पण एक काळजी घ्या, मापं सारखीच ठेवा, फक्त रंग बदला. ऍडवेटा थीममध्ये बघाल तर बॅकड्रॉपला मोठी सावली काढून न टाकता ती ट्रान्सपरंट रंगाने तशीच ठेवलीय. कारण सावलीच्या मापावरून फ्रेम एक्स्टेंट्स ठरतात, मापच बदललं तर फोकस गेला-आला की विंडोचं खरं आकारमान बदलणार. ज्याने कुणी तो ट्रान्सपरंट टाकला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, केवढा बारीक विचार आहे!

पायरी ६: वेलँड

वेलँडवर ऍप स्वतःच्या सावलीसकट मोठा कागद देतं आणि एक्सडीजी सरफेसच्या सेट विंडो जिऑमेट्री या विनंतीतून सांगतं की यातला एवढा भाग खरी विंडो, बाकी सावली. कंपोझिटर कडेला चिकटवताना तेवढाच भाग मोजतो. इनपुट रीजन वेगळं सांगता येतं, म्हणून सावलीवरचा क्लिक मागे जातो. तुम्ही टूलकिट लिहीत असाल तर हे दोन्ही आणि शिवाय ओपेक रीजन (विंडोचा अपारदर्शक भाग), तिन्ही नेमाने पाठवा, एक जरी चुकलं तरी विंडो पडद्याच्या कडेला टेकवली की फट दिसते किंवा क्लिक गिळले जातात.

चौकट कुणी काढायची हे एक्सडीजी डेकोरेशन प्रोटोकॉलने ठरतं, ग्नोम तो मानत नाही, तिथे ऍपनेच किंवा लिबडेकॉर लायब्ररीने काढायची. आता वेलँडचे काही कंपोझिटर: स्वेमध्ये सावली नाहीच, हवी असेल तर स्वेएफएक्स. हायपरलँडमध्ये डेकोरेशनच्या आत शॅडो विभाग, त्यात रेंज आणि रेंडर पॉवर. ओपनबॉक्ससारखं काही हवं असेल तर लॅबडब्ल्यूसी बघा, आरसी डॉट एक्सएमएलच्या थीम विभागात ड्रॉपशॅडोज यस केलं की झालं, ते मुळात बंद असतं, आणि आकार थीम फाइलमध्ये विंडो डॉट ऍक्टिव्ह डॉट शॅडो डॉट साइजने.

बिघडलं तर

जीटीके विंडोभोवती जाड काळी चौकट: ३२ डेप्थची विंडो आहे आणि कंपोझिटर मेलाय किंवा उशिरा सुरू झालाय. पारदर्शक पिक्सेल मिसळायला कुणी नाही म्हणून ते काळे. कंपोझिटर सुरू करा, ते ऍप बंद करून पुन्हा उघडा, आणि लॉगिनच्या वेळी कंपोझिटर बाकी ऍप्सच्या आधी सुरू होईल असा ऑटोस्टार्टचा क्रम लावा.

गोल कोपऱ्याच्या विंडोमागे चौकोनी सावलीची टोकं: विंडोने स्वतःचे कोपरे अल्फाने गोल केलेत, पण कंपोझिटरला तिचा आकार चौकोनीच दिसतो. पिकॉमचा स्वतःचा कॉर्नर-रेडियस वापरा किंवा त्या क्लासला वगळा.

शेजारच्या मॉनिटरवर सावलीची पट्टी सांडत असेल तर पिकॉममध्ये क्रॉप-शॅडो-टू-मॉनिटर, जुन्या आवृत्तीत त्याचं नाव झिनेरामा-शॅडो-क्रॉप होतं. पॅनेलवर विंडोची सावली पडून आयकॉन मळकट दिसत असतील तर क्लिप-शॅडो-अबव्ह मध्ये डॉक टाका. आणि स्क्रीनशॉट घेताना निवडीच्या चौकटीमागे करडा डाग येत असेल तर तो बहुतेक स्क्रीनशॉट टूलच्याच आच्छादन विंडोची सावली असते, एक्सप्रॉपने तिचा क्लास शोधा आणि शॅडो-एक्सक्लूडमध्ये एक ओळ वाढवा.